रवींद्रनाथ : शाळा घडविणारा कवी

रवींद्रनाथ टागोरांची ओळख जगाला आहे ती कवी म्हणून. पण या कवीने आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे एका शाळेसाठी वेचली. मुलाने शाळेत नेमके काय काय शिकावे आणि त्यातील कशाला किती वेळ द्यावा, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सोडवीत राहावा लागला.

त्या प्रश्नाचे मूळ त्यांच्या बालपणात होते. ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासांको येथील वाड्यात जन्मलेल्या रवींद्रनाथांनी ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा पाहिल्या. एकीतही त्यांचे मन रमले नाही आणि शालेय शिक्षण अर्धवटच सुटले. घरी मात्र पहाटेच्या कुस्तीपासून रात्रीच्या इंग्रजीपर्यंत शिकवणी चाले. भूमिती, संस्कृत, चित्रकला, व्यायाम, संगीत, इतकेच नव्हे तर हाडांच्या सांगाड्यावरून शरीररचनाही त्यांना शिकविली गेली. १८७३ मध्ये वडील महर्षी देवेंद्रनाथांबरोबर ते शांतिनिकेतनात आणि पुढे डलहौसीच्या डोंगरात गेले. तेथे दिवसा संस्कृत आणि इंग्रजीचे पाठ होत, तर रात्री वडील त्यांना आकाशातील ताऱ्यांची ओळख करून देत. शाळेने जे दिले नाही ते घराने दिले. ते घर सर्वांच्या वाट्याला येत नाही, म्हणून शाळेनेच तसे व्हावे, ही कल्पना पुढे त्यांच्या मनात रुजली.

२२ डिसेंबर १९०१ रोजी बीरभूम जिल्ह्यात बोलपूरजवळ, शांतिनिकेतनच्या माळावर, अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी त्यांनी शाळा उघडली. थोरला मुलगा रथींद्रनाथ हा त्या पाचांतील एक. पैशांची चणचण कायमची होती. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले, पुरीचे घर विकावे लागले. त्यातच १९०२ मध्ये मृणालिनीदेवी, १९०३ मध्ये कन्या रेणुका आणि १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्रनाथ यांचे निधन झाले. इतके आघात सोसूनही शाळा बंद पडली नाही.

या शाळेचे वेळापत्रक त्या काळाला नवे होते. पहाटेच्या घंटेनंतर मुले परिसर झाडीत, स्नान व प्रार्थना आटोपून आसने घेत आणि झाडाखाली वर्गाला बसत. संध्याकाळ खेळ, गोष्टी, गाणी आणि नाटकांच्या तालमींची असे. गायन, चित्रकला, बागकाम हे फावल्या वेळचे छंद नव्हते. भाषा आणि गणिताइतकाच त्यांचाही दिवसावर हक्क होता. दिनेंद्रनाथ टागोर संगीत शिकवीत, तर पुढे नंदलाल बोस यांच्यासारखा चित्रकार मुलांना लाभला.

याचा अर्थ पुस्तकी अभ्यास दुय्यम होता असा नव्हे. जगदानंद राय गणित आणि विज्ञान शिकवीत, विधुशेखर शास्त्री संस्कृत. शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हा विचार रवींद्रनाथांनी १८९२ मध्येच एका निबंधातून मांडला होता. मुलांसाठी त्यांनी स्वतः पाठ्यपुस्तके लिहिली आणि १९३७ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, विज्ञानावर ‘विश्वपरिचय’ हे पुस्तक लिहिले. १९१५ मध्ये गांधीजी आले, तेव्हा स्वयंपाक आणि सफाईची कामे मुलांनी व शिक्षकांनी स्वतः करावीत, असा प्रयोग झाला. आपले काकासाहेब कालेलकर त्या वेळी तेथेच होते. प्रयोग काही आठवडेच टिकला, परंतु १० मार्च हा त्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

खरी अडचण निराळीच होती. कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा म्हणजे नोकरीचा आणि पुढील शिक्षणाचा दरवाजा. पालक मुलाला शाळेत घालताना त्या दरवाजाकडे पाहत. रवींद्रनाथांचा परीक्षेला विरोध असला तरी १९०४ मध्ये रथींद्रनाथही तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. मुलांचे भवितव्य आपल्या तत्त्वासाठी पणाला लावणे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे वरच्या वर्गांत परीक्षेची तयारी शिरली आणि संगीत, चित्रकला, बागकाम यांच्या वाट्याचा वेळ आक्रसू लागला. सरकारचाही शाळेवर विश्वास नव्हता. पूर्व बंगाल आणि आसामच्या सरकारने गुप्त परिपत्रक काढून आपल्या नोकरांच्या मुलांसाठी ही शाळा अयोग्य ठरविली होती.

ही तडजोड त्यांना सलत राहिली. म्हणून १९२४ मध्ये त्यांनी ‘शिक्षासत्र’ ही दुसरी शाळा सुरू केली. ती खेड्यातील गरीब मुलांसाठी होती. या मुलांच्या मागे परीक्षेचा तगादा नव्हता. त्यामुळे शेती, विणकाम, स्वयंपाक, निसर्गनिरीक्षण आणि अक्षरज्ञान यांची सांगड तेथे मोकळेपणाने घालता आली. १९२७ मध्ये ही शाळा जवळच्या श्रीनिकेतनात हलली. सुखवस्तू घरांतील मुलांना जे पूर्णपणे देता आले नाही, ते गरिबांच्या मुलांना देण्याचा हा प्रयत्न होता. सुशिक्षित पालकांना मात्र त्याचा मोह पडला नाही.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ निवर्तले. विश्वभारतीला १९५१ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. झाडाखालचे वर्ग जगभर वाखाणले गेले. परंतु परीक्षा आणि परिपूर्ण शिक्षण यांचा मेळ कसा घालावा, हे कोडे त्यांनाही पुरते सुटले नव्हते. वर्षाचे वेळापत्रक आखताना प्रत्येक शाळेला ते आजही नव्याने सोडवावे लागते.