चढावर उतरणारा वैमानिक

हिंदी सिनेमातल्या गाण्यांनी तुम्हाला स्वित्झर्लंडचा बर्फ भरपूर दाखवलाय. मागे पांढरे डोंगर, पुढे शिफॉनची साडी, वगैरे. त्याच डोंगरांत, तीन हजार मीटर उंचीवर एखाद्या गिर्यारोहकाचा पाय मोडला तर पुढे काय, हा प्रश्न गाणं बघताना पडत नाही. 1950 पर्यंत त्याचं उत्तर एकच होतं. खालच्या गावातली माणसं पायी वर चढायची, जखमीला घसरगाडीला बांधायची आणि हिमनदीतल्या भेगा चुकवत खाली आणायची. यात तासन्‌तास जायचे, कधी अख्खा दिवस जायचा. पाय मोडलेला माणूस कधी कधी वाटेत थंडीनेच मरायचा.

हे चित्र बदलणाऱ्यांत एक नाव फार वर येतं, हेरमान गायगर. जन्म 27 ऑक्टोबर 1914, स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातलं साव्हिएज हे गाव. घरची श्रीमंती नाही, विमान विकत घेऊन देणारा बापही नाही. पोरगा शिकला मेकॅनिकचं काम, पोटासाठी पोलिसात नोकरी केली आणि हौस भागवली ग्लायडरवर. म्हणजे इंजिन नसलेल्या, नुसत्या वाऱ्याच्या जोरावर तरंगणाऱ्या विमानावर. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण डोंगरातला वारा कुठे वर उचलतो आणि कुठे खाली आपटतो हे ग्लायडरवाल्याइतकं कुणालाच कळत नाही. पुढे तो सियाँ या गावच्या विमानतळाचा प्रमुख झाला. डोंगरातल्या झोपड्यांवर लाकूडफाटा आणि खाण्यापिण्याचं सामान विमानातून टाकणं हे त्याचं रोजचं काम झालं. सामान वरून टाकता येतं. जखमी माणूस खालून वर कसा उचलणार? त्यासाठी तिथे उतरायलाच हवं.

बर्फावर विमान उतरवणं तोवर अशक्य मानलं जात होतं, असं मात्र समजू नका. अलास्कात आणि ध्रुवीय मोहिमांत विमानांना चाकांऐवजी स्की लावून कित्येक वर्षं उडवत होते. खुद्द आल्प्समध्ये नोव्हेंबर 1946 मध्ये एक अमेरिकन डकोटा विमान गाउली हिमनदीवर आदळलं. आतले बाराही जण जिवंत होते. पाच दिवसांनी स्विस हवाई दलाचे व्हिक्टर हुग आणि पिस्टा हिट्स स्की लावलेली दोन छोटी श्टोर्ख विमानं घेऊन तिथे उतरले आणि फेऱ्या मारून सगळ्यांना खाली घेऊन आले. जगभर गाजलेली ही गोष्ट गायगरने ऐकली नसेल असं होणारच नाही. पण ती एकदाची मोहीम होती. उद्या सकाळी फोन वाजला तर लगेच निघता येईल, अशी रोजची सोय तिच्यातून उभी राहिली नव्हती.

आणि यातली अडचण तुमच्या मेकॅनिकल ब्रँचच्या मित्राला विचारण्यासारखी आहे. सियाँ वसलंय र्‍होन नदीच्या खोऱ्यात, जेमतेम 480 मीटर उंचीवर. उन्हाळ्यात तिथे द्राक्षांचे मळे हिरवेगार असतात आणि धावपट्टीवर बर्फाचा कणही नसतो. तिथून उडायला चाकं हवीत. वर हिमनदीवर चाकं भुसभुशीत बर्फात रुतणार आणि विमान नाकावर पालथं होणार, म्हणजे तिथे स्की हव्यात. एकाच फेरीत दोन्ही कुठून आणायचं?

गायगरने आपल्या पायपर सुपर कबला वर-खाली होणाऱ्या स्की बसवून घेतल्या. चाक स्कीच्या मधल्या खाचेतून खाली डोकावतं. स्की वर घेतली की विमान चाकांवर धावतं, खाली सोडली की चाक वर राहतं आणि स्की बर्फाला टेकते. सुपर कब म्हणजे पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, पुढे-मागे दोन माणसं बसतील एवढं पिटुकलं विमान. ताशी सत्तरेक किलोमीटर इतक्या कमी वेगातही ते हवेत टिकतं.

स्की लावणं म्हणजे दोन फळ्या बोल्टने आवळणं नव्हे. उडताना स्कीचं टोक खाली झुकलं तर समोरची हवा ते आणखी खाली दाबते आणि अख्खं विमान डोकं खाली घालतं. म्हणून टोक वर ओढून धरायला ताणाची रबरी दोरी लागते. शिवाय स्की ठराविक कोनापलीकडे फिरू नये म्हणून पुढे-मागे पोलादी तारा बांधतात. उड्डाणाआधी या तारा आणि दोऱ्या हाताने ओढून बघायच्या, हा शिरस्ता आजही आहे.

10 मे 1952 रोजी गायगर कांडर हिमनदीवर उतरला. कसा उतरला, ते थोडं सावकाश वाचा, कारण त्याची खरी करामत इथे आहे.

स्कीला ब्रेक नसतो. सपाट बर्फावर विमान घसरतच राहतं आणि हिमनदीवर सपाट जागा तरी कुठे लांबलचक मिळते? मग थांबायचं कसं? गायगर डोंगरातल्या काळ्या, पिवळ्या चोचीच्या कावळ्यांकडे बघत बसायचा. ते कड्यावर बसताना खालून येतात, उताराच्या वर तोंड करून. त्यानेही तेच केलं. विमान डोंगराच्या दिशेने न्यायचं, शेवटच्या क्षणी नाक वर उचलून चढाला समांतर करायचं आणि चढावर टेकायचं. आपलं वजनच आपला ब्रेक. टेकल्यावर मात्र थ्रॉटल बंद करायची नाही. जोर लावून आणखी वर जायचं आणि थांबता थांबता विमान उताराला आडवं वळवायचं. नाक वर ठेवून थांबलात तर ते उलटं, शेपटीकडून घसरत दरीत जाईल. निघताना नाक खाली करायचं आणि उतारावरून सुटायचं. वेग उतारच देतो.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता यातली मेख बघा. नेहमीच्या धावपट्टीवर वैमानिकाला काही चुकतंय असं वाटलं तर तो पुन्हा वर उठतो आणि चक्कर मारून परत येतो. इथे समोर डोंगर आहे. तीन हजार मीटरवर हवा विरळ, इंजिनाची चौथाईहून जास्त ताकद गेलेली. विमान जितकं चढेल त्याहून डोंगर भराभर चढतो. म्हणजे एका ठराविक बिंदूनंतर परत फिरणं नाहीच. त्यामुळे सगळे निर्णय त्या बिंदूच्या आधी घ्यायचे: वारा कुठून आहे, बर्फ कडक की मऊ, भेगा कुठे झाकल्या गेल्यात, परत निघायची वाट कुठली. ढगाळ दिवशी सावल्या नाहीशा होतात आणि पांढऱ्यावर पांढरं काही म्हणजे काही दिसत नाही. जमीन दहा मीटरवर आहे की शंभर, डोळे सांगू शकत नाहीत. अशा वेळी न उतरता परत जाण्याचा निर्णयही आधीच घ्यायचा, खाली कुणी कण्हत असलं तरी. मला वाटतं, या माणसाला नुसता धाडसी म्हणणं हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे.

उतरल्यावरही सुटका नाही. घासून गरम झालेल्या स्कीखालचा बर्फ जरासा वितळतो आणि विमान उभं राहिलं की पुन्हा गोठतो. स्की जमिनीला चिकटते. मग पंख धरून विमान हलवत बसा. म्हणून स्कीखाली फांद्या किंवा काठ्या घालून ठेवण्याची पद्धत आहे.

त्यानंतरच्या वर्षांत गायगर हजारो वेळा बर्फावर उतरला आणि शेकडो माणसांना खाली घेऊन आला. घसरगाडीला जिथे दिवस लागायचा तिथे आता काही मिनिटं पुरायची. त्याने आपल्या अनुभवांचं पुस्तक लिहिलं, ते इतर भाषांत गेलं आणि त्याची रीत दुसरे वैमानिकही शिकले. मग हेलिकॉप्टर आलं, ते उभ्याउभ्या उतरतं, त्यामुळे बचावाचं बरंचसं काम तिकडे गेलं. पण स्कीवरची छोटी विमानं आल्प्समध्ये ठरलेल्या जागांवर अजूनही उतरतात, तशीच, चढाकडे तोंड करून.

26 ऑगस्ट 1966. उन्हाळा होता. गायगर त्या दिवशी कुठल्याही हिमनदीवर नव्हता. सियाँच्या त्याच्या रोजच्या, सपाट विमानतळावर त्याच्या विमानाची एका ग्लायडरशी टक्कर झाली आणि तो गेला. तेव्हा तो 51 वर्षांचा होता.