पराभवानंतर

केळशीची खाडी ओलांडली की मंडणगड तालुका लागतो. तेथील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच संविधानानुसार झालेल्या पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, ते मुंबईत पराभूत झाले! घाव जिव्हारी लागणारा होता. प्रकृतीही ढासळली होती. तरी त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले व कामास लागले. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हातची गेली. मधुमेहाने देह जर्जर झाला, पण लेखणी थांबली नाही. नव्या पक्षाची आखणीही चालूच राहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर निवडून आले.