खातेदाराला न विचारता

ठेव कोणाची, सही कोणाची आणि पश्चात हक्क कोणाचा, हे पाहिल्याशिवाय बँकेतल्या माणसाचे पेन पुढे सरकत नाही. निवृत्तीनंतरही माझी ही खोड गेलेली नाही. म्हणूनच हेन्रिएटा लॅक्सची हकिगत माझ्या मनातून हलत नाही.

१९२० साली अमेरिकेत व्हर्जिनियात जन्मलेली ही कृष्णवर्णीय मुलगी चौथ्या वर्षी आईला पारखी झाली. आजोबांकडे वाढली, तंबाखूच्या शेतात राबली. पुढे नवऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे बाल्टिमोरजवळ बिऱ्हाड केले. पदरी पाच मुले. १९५१च्या आरंभी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांच्या कागदावर तिने सही केली. पण गाठीचा तुकडा संशोधनासाठी घेताना तिला कोणी विचारले नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती.

तो तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते, पण पेशी मरून जात. हेन्रिएटाच्या मात्र दिवसाभरात दुप्पट होऊ लागल्या. गृहिणी दह्यातले चमचाभर विरजण नव्या दुधाला लावते, तसेच इथेही असते. नळी भरली की थोड्या पेशी ताज्या पोषक द्रवात घालायच्या. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवल्या, तर त्या वर्षांनंतरही पुन्हा वाढू लागतात.

४ ऑक्टोबर १९५१ रोजी, ३१व्या वर्षी हेन्रिएटा गेली. क्लोव्हर गावातल्या तिच्या कबरीवर दगडही नव्हता. पेशी मात्र ‘हेला’ नावाने जगभर पोहोचल्या. साल्क यांच्या पोलिओ लशीच्या चाचणीत त्या कामी आल्या. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातही त्या आहेत. गाय यांनी त्या फुकट वाटल्या. पुढे कंपन्यांनी विकल्या. घरच्यांना हे कळले १९७३ साली, २२ वर्षांनी.

२०१० मध्ये कबरीवर दगड बसला. २०१३ मध्ये या पेशींची जनुकीय माहिती कोणाला द्यावी, हे ठरवण्यात कुटुंबाला स्थान मिळाले. २०२३ मध्ये एका कंपनीशी तडजोड झाली.

त्या पेशी कामी आल्या, याचे वाईट वाटत नाही. विचारले असते तर ती माउली कदाचित हो म्हणालीही असती. पण अंगठा उठवणाऱ्या खातेदारालाही आम्ही कागद वाचून दाखवत असू. रुग्णालयात आपल्यापुढे संमतीपत्र येते, तेव्हा तेवढे वाचून घ्यावे आणि न समजलेले विचारावे. तो हक्क हेन्रिएटाला मिळाला नव्हता.