केडगावचा छापखाना

परवा आमच्या महिला मंडळात पंडिता रमाबाईंवर बोलायची पाळी माझी होती. त्यांचं संस्कृत, कलकत्त्यात मिळालेली पदवी, इंग्लंडातला बाप्तिस्मा हे सगळ्यांना पाठच असतं. म्हणून मी केडगावच्या छापखान्यावर बोलले.

बाईंनी स्वतः उपास काढलेले. आईवडील दुष्काळातच गेले. त्यामुळे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पण नुसतं जेवू घालून किती दिवस भागणार? मुक्ती सदनात शेती, विणकाम, तेलाचा घाणा निघाला आणि छापखानाही. खिळे जुळवणं सोपं नसतं हो! अक्षर उलटं वाचायचं, त्यात मराठीचे काना-मात्रे, जोडाक्षरं. कालपर्यंत पाटीही न धरलेल्या मुली ते शिकल्या. अंध मुलींना बाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवायची.

इथंच बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा बोलीत. त्यात कितीतरी वर्षं गेली. आज ते भाषांतर फारसं कुणी वाचत नाही, याची मला खंत वाटते. १९२१ साली एकुलती एक मनोरमा वारली. बाई खचल्या, तरी प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला, काम हातावेगळं करूनच, त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झालं, मुक्तीतल्या बायकांच्याच हातांनी.

– एक भगिनी, बेळगाव