शुद्ध व्यापाराचा आदर्श : शेठ जमनालालजी बजाज

श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, कमीअधिक वजनमापे वापरणे आणि भेसळीचा माल खरा म्हणून विकणे यांचा समावेश आहे. व्यापाऱ्याची जबाबदारी त्याच्या गादीवर संपत नाही. माल कोणाच्या हातून आला आणि कोणाच्या हाती गेला, येथपर्यंत ती पोहोचते, असाच याचा अर्थ होय. जन्माने वैष्णव असूनही हा विचार आपल्या पेढीवर आचरणात आणणारे थोर पुरुष विदर्भातच होऊन गेले. ते म्हणजे वर्ध्याचे शेठ जमनालालजी बजाज.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळील काशी का बास या खेड्यात, सामान्य कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराजजी यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. वयाच्या सतराव्या वर्षी दागिने घालण्यावरून आजोबांनी संपत्तीचा उल्लेख करून त्यांना दुखावले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून साऱ्या संपत्तीवरील हक्क सोडला. आजोबांनी समजूत घालून त्यांना परत आणले. परंतु हे धन आपले नसून आपण त्याचे केवळ विश्वस्त आहोत, ही भावना मनात कायमची रुजली. अपरिग्रहाचा हा संस्कार पुढील आयुष्याचा पाया ठरला.

पेढीचा मुख्य व्यवहार कापसाचा होता. त्या काळी गाठी बांधताना रुईवर पाणी मारून वजन वाढविण्याची प्रथा सर्रास होती. जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद केली. अशा पाण्याची किंमत अखेर कोणी तरी मोजतोच. गिरणीचे नुकसान होते, त्या भागातील मालाची पत घसरते आणि पडलेल्या भावाचा फटका प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसतो. इतरांच्या स्पर्धेत प्रारंभी तोटा होण्याचे भय होतेच. तथापि खरेपणामुळे त्यांच्या मालाची पत वाढली.

१९२० साली नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. महात्मा गांधींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले. १९२१ मध्ये त्यांनी रायबहादूर ही पदवी परत केली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला, तर १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघास त्यांनी वर्ध्याची आपली बाग व इमारत अर्पण केली. तीच मगनवाडी होय.

१९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाचे ते कोषाध्यक्ष होते. खादी स्वस्त मिळावी म्हणून सूत कातणाऱ्या गरीब भगिनींना अत्यल्प मजुरी मिळे. १९३५ मध्ये संघाने त्यांना पोटापाण्यापुरते किमान वेतन देण्याचे ठरविले. त्यामुळे खादी महागणार व खप घटणार, हे उघड होते. तरीही ग्राहकाची बचत कष्टकऱ्याच्या उपासमारीतून होऊ नये, हे तत्त्व स्वीकारले गेले. आज जगभर पुरवठा साखळीतील नीतिमत्तेची जी चर्चा चालते, तिचे हे वर्ध्यातील प्रत्यक्ष उदाहरण होय.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे जमनालालजींचे निधन झाले. त्यांचे अखेरचे दिवस गोसेवेत गेले.

कामठा व गोंदिया परिसर धानाचा. येथील तांदूळ दूरवर जातो. त्यामागे शेतकरी, हमाल व गिरणी कामगार यांचे श्रम असतात. जंगलात उन्हातान्हात तेंदूपाने तोडणारे हातही याच भूमीतले. रुईवर पाणी मारून वजन वाढविणे आणि ओलाव्याच्या नावाखाली धानाच्या वजनात वाजवीपेक्षा अधिक कपात करणे, हे एकाच दोषाचे दोन प्रकार आहेत. काटा खरा ठेवणे व कष्टाचे दाम वेळेवर देणे, हे आपल्या अणुव्रताचेच पालन होय. शेठ जमनालालजींच्या स्मृतीस हीच खरी आदरांजली ठरेल.