बिबट्याच्या कातड्याची गादी

जुनी मोटार घरच्या अंगणात पुन्हा उभी करण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजला आहे. ज्यांना हे वेड लागते त्यांचे रविवार मोटारीखालीच जातात. घरची माणसे आधी वैतागतात, मग मुकाट्याने चहा अंगणात नेऊन देऊ लागतात, आणि एके दिवशी इंजिनाने धडधड केली की शेजारीपाजारीही गोळा होतात. अशाच एखाद्या हौशी माणसाच्या हाती १९३० च्या दशकातली, इंग्लंडच्या सिंगर कंपनीची छोटी स्पोर्ट्‌स मोटार लागली, असे क्षणभर धरून चालू.

लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवलेली, उघडी, बुटकी गाडी. सांगाडा वाळवीने पोखरलेला असणार. तो चांगला सुतार पाहून नवा करता येईल. सुती वेष्टणाच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या असतील. त्या बदलता येतील. ९७२ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन खोलून, पिस्टनच्या रिंगा विलायतेहून मागवून पुन्हा बसवता येईल. कागदपत्रांचीही सोय आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले आणि त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे ठेवली. थोडक्यात, पैसा आणि चिकाटी असेल तर सारे जमते.

पण ती गाडी हिंगणघाटच्या मुरलीधर देविदास आमटे या तरुणाची असेल, तर तिची एक गोष्ट कुणालाही मूळ रूपात आणता येणार नाही. ती म्हणजे तिच्या आसनाची गादी. ती बिबट्याच्या कातड्याने मढवलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याची शिकार बंद झाली आणि त्याच्या कातड्याचा व्यापारही गुन्हा ठरला.

हा मुरलीधर म्हणजेच आपले बाबा आमटे. 'बाबा' हे नाव त्यांना संतपण आल्यावर लोकांनी दिले असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. घरातले लाडाचे नावच बाबा होते. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. वडील देविदासपंत सरकारी अधिकारी, घरची मोठी जमीनदारी, वरोऱ्याजवळ गोरजा येथे शेती. थोरल्या मुलाचे जितके लाड करता येतील तितके झाले. १४ व्या वर्षी हातात स्वतःची बंदूक आली. हरणे झाली, अस्वले झाली. मोटार चालवण्याचे वय होताच सिंगर आली.

आजच्या वाचकाला या चैनीची कल्पना यावी म्हणून थोडे सांगायला हवे. कॉव्हेंट्रीचे जॉर्ज सिंगर आधी सायकली बनवीत, पुढे त्यांची कंपनी मोटारीकडे वळली. १९३३ साली तिच्या 'नाइन' या छोट्या गाडीने फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत नाव कमावले आणि विलायतेतल्या तरुणांची तिच्यावर उडी पडली. अर्थात हे वैभव फार टिकले नाही. १९३५ च्या आयर्लंडमधल्या शर्यतीत सिंगरच्या तीन गाड्या स्टिअरिंग निकामी होऊन एकाच वळणावर आदळल्या, आणि पुढे १९५० च्या दशकात कंपनी रूट्‌स समूहात विरून गेली. पण ते पुढचे. ज्या मुलखात बंडी आणि रेंगी हीच वाहने, तिथल्या धुळीच्या रस्त्यावरून अशी मोटार उधळत जाताना लोक काय म्हणत असतील याची कल्पना करावी! त्यात चालवणारा तरुण सिनेमाचा वेडा. 'पिक्चरगोअर' या इंग्रजी नियतकालिकात तो परीक्षणे लिही आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार करी.

मन डॉक्टर होण्याकडे होते, पण वडिलांच्या आग्रहाने नागपुरात कायद्याचे शिक्षण झाले. वकिली उत्तम चालली. आठवडाभर कोर्ट आणि सुटीच्या दिवशी गोरज्याची शेती असा क्रम होता. इथेच कुठेतरी पहिला खडा टोचला. पंधरा मिनिटे बोलण्याचे आपल्याला ५० रुपये मिळतात, आणि आपल्याच शेतातला मजूर बारा तास राबून बारा आणे नेतो, हा हिशेब त्यांना सुटेना. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावाचे काम केले. त्याच काळातली रेल्वेतली घटना सर्वांना ठाऊक आहे. गोरे सोजीर एका नवविवाहितेची छेड काढत होते; बाबा एकटे त्यांच्यावर तुटून पडले, भरपूर मार खाल्ला, पण हटले नाहीत. गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले ते यानंतर.

१९४६ साली नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदूशी विवाह झाला. तीच साधनाताई. वरोऱ्यात या दोघांनी श्रमाश्रम काढला. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी भंगी कामगारांचे काम समजून घ्यायचे म्हणून नऊ महिने मैल्याची टोपली डोक्यावर वाहिली. जमीनदाराच्या थोरल्या सुनेने हे सारे कसे निभावले असेल, यावर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. या घरात त्यागाचा गाजावाजा बाबांच्या वाट्याला आला आणि चूल साधनाताईंच्या, असे म्हटले तर अन्याय होऊ नये.

आणि मग ती पावसाची संध्याकाळ. रस्त्याच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडले होते. जवळ जाऊन पाहतात तो माणूस! बोटे झडलेली, अंगावर अळ्या. तुळशीराम त्याचे नाव. अस्वलासमोर बंदूक रोखून उभा राहणारा, गोऱ्या सोजिरांना न भ्यालेला हा माणूस तिथून घाबरून पळाला. घरी पोचला, पण स्वस्थता नाही. आपल्याला गांधीजींनी दिलेले विशेषण खोटे पडले, हे शल्य त्यांना मारण्याहून जास्त लागले. ते परतले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याला भरवले, आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. मला वाटते, बाबांच्या साऱ्या आयुष्यात हे पळून जाणेच सर्वांत मोलाचे आहे. ते जर पळालेच नसते, तर दया दाखवून पुढे गेले असते.

१९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बाबांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. जंतूंवरच्या प्रयोगासाठी तिथे त्यांनी स्वतःचे शरीरही पुढे केले. डॅप्सोनच्या गोळीने रोग आटोक्यात येऊ लागला होता. पण औषध जंतू मारते, गेलेले बोट परत आणत नाही. संवेदना गेलेल्या हाताला चटका कळत नाही, काच कळत नाही. जखमा चिघळत जातात आणि बोटे आखडत, झिजत जातात. बरा झालेला रोगी गावी गेला तरी दार त्याच्या तोंडावर बंदच. तेव्हा माणूस पुन्हा उभा करायचा तो कामाने, हे बाबांनी मनाशी ठरवले.

जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर सहा रोगी, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. विंचू, साप आणि जंगली जनावरांचा तिथे मुक्त वावर होता. सगळ्यांनी मिळून आधी विहीर खणली, मग शेती केली. सुरुवातीला त्यांची भाजी वरोऱ्यात कुणी घेईना. त्याच हातांनी पुढे गावच्या मुलांसाठी महाविद्यालयाची इमारत बांधली. १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. सुतारकाम, विणकाम, पत्र्याचे काम, छपाई, एकेक कारखाना उभा राहिला. जगाने टाकलेली वस्तू इथे सहसा टाकली जात नाही. अगदी ट्रकचे निकामी टायरसुद्धा पुढच्या पिढीने बंधाऱ्यांच्या कामी लावले.

बाबांचे स्वतःचे शरीर मात्र साथ सोडू लागले होते. पाठीच्या मणक्यांचा विकार बळावला, शस्त्रक्रिया झाल्या, पण पुढे बसणे अशक्यच झाले. उभे राहायचे, चालायचे किंवा आडवे व्हायचे. चौथा पर्याय नव्हता. बिबट्याच्या कातड्यावर बसून ज्याने मोटार उडवली त्याला आता जगातली कुठलीच गादी उपयोगाची नव्हती. डिसेंबर १९८५ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा खास बनवलेल्या गाडीत, अंथरुणावर पडून. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. १९९० साली ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि त्याच डिसेंबरात धरणग्रस्तांचा मोर्चा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवला गेला तेव्हाही, हिवाळ्याच्या थंडीत, त्यांच्याबरोबर होते.

बिबट्याची गोष्ट मात्र अपुरी राहिली आहे. त्यासाठी थोडे मागे जायला हवे. शिकारीच्या दिवसांपासून बाबांना चांद्याच्या जंगलांची आणि तिथल्या माडिया गोंडांच्या हलाखीची ओळख होती. १९७० च्या सुमारास ते मुलांना घेऊन भामरागडकडे गेले, आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. पावसाळ्यात नद्या चढल्या की इथले जगाशी नाते तुटे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे झोपडीत दवाखाना चालवू लागले.

एकदा शिकारीहून परतणाऱ्या माडियांजवळ प्रकाशना मेलेली माकडीण दिसली. तिला चिकटलेले पिल्लू अजून जिवंत होते. मोबदला देऊन त्यांनी ते घरी आणले. मग इतर अनाथ पिल्ले येत गेली. हरणे आली, अस्वले आली, आणि बिबटेही आले. त्यातल्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहरांनी लिहिलेले पुस्तक अनेक घरांतल्या मुलांनी वाचले असेल. हेमलकशाची आमट्यांची नातवंडे या प्राण्यांच्या संगतीतच वाढली.

९ फेब्रुवारी २००८ रोजी पहाटे आनंदवनात बाबांचे निधन झाले. चितेसाठी लाकूड जाळू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांना आनंदवनातच मातीत पुरले. तिथेच २०११ साली साधनाताईही विसावल्या.