परमपूज्य बाबासाहेब, ज्यूंचा छळ आणि हुकूमशाही



बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. महू, सातारा, बडोदा, महाड, येवला, नागपूर ही नावे लहान पोरेही सांगतात. म्हणून सगळे चरित्र इथे पुन्हा सांगत बसत नाही, एकच धागा धरतो. बारामती-इंदापूरच्या कुठल्याही पारावर राजकारणाच्या गप्पा निघाल्या की कोणीतरी म्हणतोच, या देशाला एखादा हिटलरच पाहिजे. आपल्या वस्तीतली शिकलेली पोरेसुद्धा असं बोलतात. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी मांडलेले मी पाहिले आहे. पण ज्या माणसाने हिटलरचा काळ स्वतः पाहिला, त्या आपल्या बाबासाहेबांना त्याच्याविषयी काय वाटत होतं?

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. हिटलर त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा, २० एप्रिल १८८९ चा, जन्माने ऑस्ट्रियाचा. एकाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळालं. दुसऱ्याला व्हिएन्नाच्या कलाशाळेने दोनदा प्रवेश नाकारला, एवढंच. अपमान पचवून एकाने सगळ्या माणसांना माणूस म्हणून जगता यावं यासाठी जन्म घालवला. दुसऱ्याने आपल्या आणि देशाच्या सगळ्या दुःखाचं खापर ज्यूंच्या डोक्यावर फोडलं.

ज्यू म्हणजे यहुदी. त्यांचा द्वेष हिटलरने शोधून काढला नाही, तो युरोपात शेकडो वर्षे मुरलेला होता. येशूला यांनीच मारलं असं चर्चमधून पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. बहुतेक ठिकाणी त्यांना जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघात शिरता येत नसे. उरला व्यापार आणि व्याजबट्ट्याचा धंदा. तो केला की लोक म्हणायचे, बघा कसे लोभी आहेत! १२१५ साली पोपच्या परिषदेने त्यांनी ओळखू येईल असा वेगळा पोशाख घालावा असं ठरवलं. १२९० मध्ये इंग्लंडमधून, १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांना हाकललं. १५१६ मध्ये व्हेनिस शहरात त्यांच्यासाठी वेगळी वस्ती झाली, रात्री तिचे दरवाजे बाहेरून बंद व्हायचे. तिला घेटो म्हणत. आपल्याला हे नवीन वाटणार नाही. लासुर्णे असो, सुपे असो की निमगाव केतकी, महारवाडा गावाच्या कडेलाच. पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात नोंदवलं आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्राने ज्यूंना असा त्रास दिला नाही. कोकणातले बेने इस्रायल तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत आणि ते सुखाने राहिले. आजारी माणसाला आपण पुण्याला ससूनमध्ये नेतो. ते ससून घराणे बगदादचे ज्यू, तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून इकडे आलेले. पुण्याचे लाल देऊळ त्यांनीच बांधले. परक्या देशातून आलेल्याला इथे जागा मिळाली, आणि इथल्याच मातीतल्या माणसाला पाणवठा मिळाला नाही!

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे गुरू होते प्राध्यापक एडविन सेलिग्मन, ज्यू घराण्यातले. त्यांचे वडील जोसेफ मोठे बँकर. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी सरकारचे कर्जरोखे विकून मदत उभी केली होती. त्याच जोसेफ यांना १८७७ च्या उन्हाळ्यात साराटोगा गावच्या हॉटेलात केवळ ज्यू म्हणून खोली नाकारली. बाबासाहेब शिकून परत आले आणि १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. पुढे १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे.

लंडनला शिकत असताना बाबासाहेब काही काळ जर्मनीत बॉन विद्यापीठातही गेले होते. तो देश तेव्हा युद्ध हरून बसलेला. १९२३ मध्ये पैशाची किंमत इतकी उतरली की पाव घ्यायला नोटांची चवड लागायची. त्याच वर्षी म्युनिकमध्ये हिटलरचा बंडाचा प्रयत्न फसला, तुरुंगात त्याने आपलं पुस्तक लिहायला घेतलं. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला शंभरातली तीन मतंसुद्धा नव्हती. मग १९२९ ची मंदी आली, लाखो लोक बेकार झाले, आणि जुलै १९३२ मध्ये तीच मतं ३७ टक्क्यांवर गेली. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून जास्त लोक त्याच्या बाजूला नव्हतेच. पण ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर नेमलं आणि दोन महिन्यांच्या आत संसदेनेच आपले अधिकार त्याच्या हाती दिले. १९३५ च्या कायद्याने ज्यूंचं नागरिकत्व गेलं, इतरांशी लग्नाला बंदी आली. शेवटी सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ होते. बाबासाहेब त्यांत नव्हते. नाझी जिंकले तर जगात स्वातंत्र्य उरणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच सुमारास कॅनडातील एका परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी जगाला स्पष्ट सांगितलं की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यांविषयीचा व्यवहार यांत विचारानेही फरक नाही आणि परिणामानेही नाही.

१८ जानेवारी १९४३ ला पुण्यात गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीचे भाषण त्यांनी केले. विभूतिपूजा आपल्याला मान्य नाही, असं त्यांनी तिथे उघड सांगितलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत पुन्हा तेच. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात भक्तीची वाट हुकूमशाहीकडे जाते. हे त्यांनी कोणाला उद्देशून सांगितलं? सगळ्यांना, आणि आपल्यालाही. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, तो घालावाच. पण हा इशारा ज्या भाषणात आहे ते पूर्ण वाचलेले आपल्यातले किती, हे विहाराच्या कपाटातल्या न उघडलेल्या खंडांना विचारावं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. प्रकृती खालावलेली होती, डोळे अधू झाले होते, पायांत बळ नव्हतं. तरी ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. २० नोव्हेंबरला तिथे बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. गरिबांच्या नावाने आलेली असली तरी हुकूमशाही त्यांनी नाकारली. जोरजबरदस्तीने केलेला बदल जबरदस्ती असेपर्यंतच टिकतो, बुद्धाने माणसाचं मन बदललं, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिथून बुद्धगया, सारनाथ, कुशिनारा करत ते दिल्लीला परतले. भाषणाच्या सोळाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.